पुढचा ब्रेक, मागचा ब्रेक : पद्मिनीच्या पेडलखालचा इतिहास

ज्यांनी हा भाग ऐकलाय त्यांना यातलं बरंचसं ओळखीचं वाटेल. पण आकडे कानापेक्षा डोळ्यांना बरे समजतात, आणि एसटीत मागच्या सीटवर बसून ऐकणाऱ्यांच्या तक्रारी आल्या, म्हणून हा लेखी अवतार.

सुरुवात सायकलपासून. सायकल शिकताना घरातल्या मोठ्या माणसाने तुम्हाला पहिली सूचना काय दिली होती, आठवतंय? आमच्याकडे सांगलीत ती अशी होती : "म्होरचा ब्रेक दाबू नगंस, तोंडावर पडशील." सगळ्या गल्लीला हीच शिकवण. मग हीच पोरं स्कूटरवर आली, तिथेही उजव्या पायाखालचा मागचा ब्रेक तेवढा खरा, हँडलवरचा पुढचा म्हणजे शोभेला. साताऱ्यात १९७५ साली महाराष्ट्र स्कूटर्स सुरू झाली, तिथून 'प्रिया' स्कूटरी बाहेर पडायच्या. आपल्या दोन्ही जिल्ह्यांतल्या किती घरांत ती होती ते आजोबांना विचारा. त्या प्रियावर अख्खं कुटुंब बसायचं आणि अख्खं कुटुंब मागच्या एका ब्रेकवर थांबायचं.

ही भीती फक्त आपली नाही. शंभर वर्षांपूर्वी युरोप-अमेरिकेतल्या मोटारवाल्यांनाही तीच होती. सुरुवातीच्या बहुतेक मोटारींना ब्रेक फक्त मागच्या चाकांना असत. पुढच्या चाकांना ब्रेक लावले तर गाडी कोलांटी मारेल, स्टिअरिंग हातातून जाईल, असं भलेभले म्हणत. पहिल्या महायुद्धानंतर चारही चाकांना ब्रेक असलेल्या गाड्या हळूहळू वाढल्या. त्या इतक्या पटकन थांबत की मागून येणारा आदळायचा. म्हणून १९२० च्या दशकात अशा गाड्यांच्या मागे एक त्रिकोणी पाटी लावायची पद्धत पडली : सावधान, या गाडीला चार चाकी ब्रेक आहेत. आज हसू येतं, पण त्या पाटीत एक मोठं सत्य होतं. गाडी थांबवण्याची जास्त ताकद पुढच्या चाकांत असते.

का असते? सोपं आहे. ब्रेक मारला की तुमचं अंग पुढे झुकतं, तसं गाडीचंही झुकतं. वजन मागच्या चाकांवरून पुढच्या चाकांवर जातं. ज्या चाकावर वजन जास्त, त्याची रस्त्यावरची पकड जास्त.

आता मी कॉम्प्युटरवाला आहे, त्यामुळे आकड्यांशिवाय मला झोप येत नाही. प्रीमियर पद्मिनी घेऊ. गाडीचं वजन नऊशे किलोच्या आसपास. दोन माणसं, डिकीत सामान, म्हणजे ११०० किलो धरा. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर २.३४ मीटर. गाडीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ५५ सेंटीमीटरवर आहे आणि उभ्या गाडीचं वजन पुढे-मागे अर्धं अर्धं आहे, असं ढोबळ मानू. आता ०.७ जी इतका करकचून ब्रेक मारला, तर साधारण १८० किलो वजन मागून पुढे सरकतं. पुढच्या चाकांवर ७३०, मागच्यांवर ३७०. दोनास एक. पण हळू, ०.३ जी चा ब्रेक मारला तर सरकतं जेमतेम ७८ किलो. पुढे ६२८, मागे ४७२. म्हणजे पुढे-मागे किती टक्के ब्रेक हवा याचं एकच उत्तर नाहीच. किती जोरात थांबताय, किती माणसं आहेत, रस्ता ओला आहे का, त्यानुसार उत्तर बदलतं. ही साधी वाटणारी गोष्ट सोडवायला मोटारवाल्यांनी पाऊण शतक घेतलं.

आता डिस्क आणि ड्रमकडे येऊ.

दोघांचा जन्म एकाच वर्षीचा, १९०२. फ्रान्समध्ये लुई रेनॉने ड्रम ब्रेक गाडीवर आणला आणि इंग्लंडमध्ये फ्रेडरिक लँचेस्टरने डिस्क ब्रेकचं पेटंट घेतलं. लँचेस्टरची कल्पना आजच्या डिस्कसारखीच होती : फिरती चकती आणि तिला दोन्हीकडून चिमटा. पण त्याने चिमट्याला तांब्याचं अस्तर लावलं, आणि ते असं किंचाळायचं की लोक कानांत बोटं घालत. शिवाय धुळीचे रस्ते. उघडी चकती त्यात लगेच झिजायची. ड्रम मात्र झाकलेला. त्यामुळे ड्रम जिंकला आणि पुढची पन्नास वर्षं जिंकतच राहिला. दरम्यान माल्कम लॉहेडने १९१७ साली तेलाच्या दाबावर चालणाऱ्या ब्रेकचं पेटंट घेतलं आणि १९२१ च्या ड्युसेनबर्ग गाडीत चारही चाकांना असा ब्रेक आला. लॉहेडचं स्पेलिंग लोकांना जमेना म्हणून त्याचं 'लॉकहीड' झालं.

डिस्कचं पुनरागमन झालं शर्यतीत. १९५३ च्या ल मान्सच्या २४ तासांच्या शर्यतीत जॅग्वार सी-टाइप डनलॉपच्या डिस्क ब्रेकवर उतरली आणि जिंकली. सरासरी वेग ताशी १७० किलोमीटर. बाकीच्यांचे ड्रम तापून थकत होते, तेव्हा जॅग्वारवाले वळणाच्या पार जवळ येऊन ब्रेक मारत होते. दोन वर्षांनी, १९५५ साली, सित्रोएन डीएस आली. तिला पुढे डिस्क होत्या. पण माझ्या मते तिची खरी कमाल दुसरीच : मागच्या सस्पेन्शनवर किती भार आहे ते बघून ती मागच्या ब्रेकचा वाटा ठरवायची. मागे माणसं बसली की मागे जास्त ब्रेक, रिकामी असली की कमी. १९५५ साली, एक ओळ कोड न लिहिता! १९५९ ची ब्रिटिश मिनी तर अगदी हलकी, सगळं वजन पुढे. तिच्या मागच्या ब्रेकच्या नळीत दाब एका मर्यादेपलीकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह बसवला होता. १९६१ च्या मिनी कूपरला पुढे डिस्क मिळाल्या. (सातारकरांनो, हा कूपर इंग्लंडचा जॉन कूपर. आपल्या साताऱ्याच्या धनजीशा कूपरांशी त्याचा काही संबंध नाही. कमेंटमध्ये विचारणार होतात, माहितीये मला.)

म्हणजे साठच्या दशकात जगाला दोन गोष्टी कळून चुकल्या होत्या. पुढे डिस्क बऱ्या. आणि पुढे डिस्क लावल्या की मागच्या ब्रेकला लगाम घालणारं काहीतरी हवंच. या दुसऱ्या गोष्टीवर आजचा भाग आहे, कारण आपल्याकडे जुन्या गाड्यांना डिस्क लावणारे पहिली गोष्ट करतात आणि दुसरी विसरतात.

आता वालचंद. मी सांगलीच्या वालचंदला बीटेक केलं. चार वर्षं विश्रामबागेत चहा प्यायलो, आणि कॉलेजच्या नावातले वालचंद म्हणजे पद्मिनीवाले वालचंद, हे माझ्या वर्गातल्या निम्म्या पोरांना शेवटपर्यंत माहीत नव्हतं. कॉलेज धोंडूमामा साठे यांनी १९४७ मध्ये सुरू केलं, तेव्हा नाव होतं न्यू इंजिनिअरिंग कॉलेज. वालचंद ट्रस्टच्या देणगीनंतर १९५५ मध्ये नाव बदललं. सोलापूरचे वालचंद हिराचंद १९५३ मध्येच गेले होते. जहाज, विमान आणि मोटार हे तिन्ही उद्योग देशात उभे करायचा ध्यास घेतलेला हा माणूस. त्यांची प्रीमियर ऑटोमोबाइल्स १९४४ ची, कारखाना मुंबईत कुर्ल्याला. आधी क्रायस्लरच्या गाड्या जोडल्या, मग फियाटशी करार झाला. १९५४ पासून फियाट ११००, १९६४ मध्ये ११०० डी म्हणजे 'डिलाइट'. तीच गाडी पुढे 'प्रीमियर प्रेसिडेंट' झाली आणि १९७४ च्या सुमारास 'पद्मिनी'.

नाव बदललं, गाडी तीच. चारही चाकांना ड्रम.

आणि इथे एक गंमत आहे. म्हणजे गंमत नाही, दुखणं आहे. इटलीत फियाटने याच ११०० चं शेवटचं रूप १९६६ मध्ये आणलं, ११०० आर. तिला पुढे डिस्क ब्रेक होते. म्हणजे आपल्याकडे ११०० डी सुरू होऊन दोन वर्षं होतात न होतात तोच मूळ कंपनीने त्याच गाडीच्या पुढच्या चाकांवर डिस्क लावल्या. आपल्याकडे मात्र ऐंशीच्या दशकातही कुर्ल्यातून ड्रमवाली पद्मिनी बाहेर पडत होती. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत : एका जुन्या व्हर्जनवर फोर्क केला आणि मूळ रेपोतले बदल परत कधी ओढलेच नाहीत.

यात कंपनीला एकटीला झोडण्यात अर्थ नाही. परवाना राज होतं. किती गाड्या काढायच्या ते सरकार ठरवायचं, बाहेरून सुटा भाग आणायचा तर परवानगी, आणि गिऱ्हाईक वर्षानुवर्षं नंबर लावून बसलेलं. ज्याच्या दारात रांग आहे तो दुकानदार पाटी कशाला रंगवेल? पर्याय म्हणजे ॲम्बॅसेडर, तीही मूळची पन्नाशीतली मॉरिस ऑक्सफर्ड. शिवाय ड्रमच्या बाजूनेही बोलण्यासारखं आहे. रशियन लोकांनी १९७० मध्ये फियाट १२४ वरून आपली लाडा काढली, तेव्हा मूळ गाडीला चारही चाकांना डिस्क होत्या. रशियनांनी मागच्या डिस्क काढून मुद्दाम ड्रम लावले. त्यांच्या चिखलात आणि खड्ड्यांत उघडी डिस्क टिकेना. आपल्या उसाच्या पट्ट्यातले जानेवारीतले रस्ते ज्यांनी पाहिलेत त्यांना हा निर्णय लगेच पटेल. आणि ड्रम कराडच्या, वाळव्याच्या कुठल्याही मिस्त्रीला उघडता यायचा. शू काढा, नवं लायनर रिव्हेट करा, एअर काढा, चला.

मग अडतं कुठे? घाटात.

वाई साधारण ७२० मीटरवर आहे, पाचगणी तेराशेच्या आसपास. मधे पसरणीचा घाट. उतरताना गाडी सहाशे मीटर खाली येते. ११०० किलोची पद्मिनी सहाशे मीटर खाली आणायची म्हणजे साधारण साडेसहा मेगाज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवायची. कळेल असं सांगतो : तेवढ्यात १९ लिटर पाण्याला उकळी फुटेल. किंवा असं म्हणा, ताशी साठवरून पूर्ण थांबण्याचे बेचाळीस ब्रेक, एकामागून एक. यातला मोठा वाटा इंजिनाने घ्यायचा असतो, म्हणून जुनी माणसं म्हणतात ज्या गिअरात चढलास त्याच गिअरात उतर. जो न्यूट्रल करून पेट्रोल वाचवतो, त्याची सगळी उष्णता ड्रममध्ये जाते. ड्रम तापला की फुगतो, म्हणजे शूपासून लांब जातो. पेडल खाली खाली जायला लागतं. लायनर तापून त्याची पकड सुटते. डिस्कचं उलट आहे : ती उघडी, वाऱ्यावर, आणि तापून फुगली तरी पॅडकडेच फुगते. वर ब्रेक ऑइलचा प्रश्न आहेच. ते हवेतलं पाणी शोषतं. डॉट ३ चं नवं ऑइल २०५ अंशांना उकळतं, पाणी शोषलेलं १४० लाच. वाफ झाली की पेडल स्पंजसारखं. महाबळेश्वराच्या पावसाळी हवेत राहणारी आणि रोज घाट उतरणारी गाडी, जिचं ऑइल पाच वर्षांत बदललेलं नाही, तिच्यात मी बसणार नाही.

आता ज्या गाडीमुळे हा भाग केला, ती. माझ्या मामांची पद्मिनी, १९८६ ची, सांगलीतली. हळदीच्या व्यापारातल्या एका चांगल्या वर्षाची खूण. २०१९ च्या महापुरात ती चार दिवस पाण्यात होती. पाणी ओसरल्यावर इंजिन कसंबसं वाचलं, पण ड्रममध्ये कृष्णेचा गाळ भरून चारही चाकं जाम. मामेबहीण पाचगणीच्या एका बोर्डिंग शाळेत शिकवते आणि गाडी तिला हवी होती. शनिवारी पाचगणीहून निघायचं, पसरणी, वाई, पाचवड फाटा, मग हायवेने सातारा, कराड आणि सांगली. रविवारी संध्याकाळी परत. घाटाची गाडी आहे तर पुढे डिस्क लावून घेऊ, असं ठरलं. एका गॅरेजने नंतरच्या काळातल्या एका छोट्या गाडीचे डिस्क आणि कॅलिपर पुढच्या चाकांना बसवले. बाकी सगळं जुनंच. मास्टर सिलिंडर जुना, मागचे ड्रम दुरुस्त करून तेच, बूस्टर नाही.

पुढच्या पावसाळ्यात पसरणी उतरताना एका डाव्या वळणावर तिने ब्रेक मारला आणि गाडीचा मागचा भाग सरकला. पद्मिनी रस्त्यात आडवी झाली, तोंड डोंगराकडे. समोरून त्या क्षणी काही आलं नाही, म्हणून आज आपण हे ब्रेकवरचं पॉडकास्ट म्हणून वाचतोय. तिचा फोन आला तेव्हा आवाज शांत होता. म्हणाली, "दादा, ब्रेक लागत नाही असं नाही रे. लागतोय. पण गाडी मागून फिरते." मामांचं निदान तयारच होतं : "अरं, म्होरं डिस्क लई कडक झाली, म्हणून गाडी फिरली." गल्लीतली तीच सायकलची शिकवण.

पण असं होत नाही. पुढची चाकं आधी जाम झाली तर गाडी सरळ जाते. स्टिअरिंग फिरवलं तरी वळत नाही, वाईटच आहे ते, पण तोंड पुढेच राहतं. गाडी फिरते ती मागची चाकं आधी जाम झाली तर. जाम झालेल्या टायरला आडवं धरून ठेवायची ताकद उरत नाही, मग मागचा भाग पुढच्याला गाठायला निघतो. म्हणून युरोपातल्या आर-१३ या ब्रेकच्या नियमाचा कलच असा आहे की पुढची चाकं मागच्यांच्या आधी जाम व्हावीत.

मग पुढे नव्या डिस्क लावल्यावर मागची चाकं आधी जाम कशी झाली? इथेच खरी मेख आहे.

दाराखाली लाकडी पाचर लावलीय अशी कल्पना करा. दार जितकं लोटाल तितकी पाचर घट्ट बसते. ड्रममधला पुढचा शू तसाच वागतो. फिरता ड्रम त्याला स्वतःकडे ओढून घेतो. पाय जेवढं दाबतो त्यापेक्षा जास्त ब्रेक लागतो, फुकटात. जुन्या गाड्यांत म्हणूनच बूस्टरशिवाय भागायचं. डिस्कमध्ये ही फुकटची मदत नसते. पॅड जेवढ्या जोराने दाबाल तेवढाच ब्रेक. म्हणजे मामांच्या गाडीत पुढचे ब्रेक दिसायला आधुनिक, पण त्याच पायाच्या जोरावर जुन्या ड्रमपेक्षा कमजोर झाले होते. साहजिकच बहीण पेडल जास्त जोरात दाबायची. तेलाचा दाब सगळ्या नळ्यांत सारखाच वाढतो. पुढे तो जेमतेम पुरायचा, मागे मात्र ड्रमची पाचर शाबूत, वरून वजन पुढे सरकून मागची चाकं हलकी झालेली. ओला रस्ता. मागची चाकं जाम. एका घटकाची नवी आवृत्ती टाकली आणि ज्याला हातही लावला नव्हता तो भाग कोसळला. आमच्या धंद्यात हे आठवड्यातून दोनदा होतं, फक्त तिथे समोर दरी नसते.

आणखी एक भानगड होती. ड्रमवाल्या बऱ्याच मास्टर सिलिंडरांत तोंडाशी एक छोटा व्हॉल्व्ह असतो. तो पाय काढल्यावरही नळीत थोडासा दाब धरून ठेवतो, व्हील सिलिंडरचे रबरी वायसर हवा आत घेऊ नयेत म्हणून. ड्रममध्ये शूला मागे ओढणारी स्प्रिंग असते, त्यामुळे चालतं. डिस्कच्या पॅडला तशी स्प्रिंग नाही. तेवढ्या दाबावर पॅड चकतीला घासतच राहतो. मामांच्या गाडीच्या पुढच्या चाकांना वास यायचा तो याचा. सगळे म्हणत होते, नवे पॅड आहेत, बसतील.

दुरुस्ती केली कुपवाड एमआयडीसीतल्या एका जुन्या मिस्त्रींनी. मी फक्त फोन धरून उभा होतो, पण तोही उपयोगाचा ठरला. रविवारी सकाळी रिकामा रस्ता, कोरडा डांबर, ताशी चाळीसचा वेग. मिस्त्री रस्त्याकडेला उभे राहून बघणार कुठलं चाक आधी जाम होतं. हे आतल्या माणसाला कळत नाही, बाहेरच्याला कळतं. माझ्या फोनमधला ॲक्सेलरोमीटर किती जी लागला ते लिहिणार. पहिल्या फेरीत साधारण ०.५ जी ला मागची दोन्ही चाकं जाम. म्हणजे चाळीसवरून थांबायला साडेबारा मीटर, आणि त्यापुढे दाबलं तर गाडी फिरणार.

मिस्त्रींनी आधी बूस्टर बसवला आणि डिस्क-ड्रम जोडीला शोभेल असा मास्टर सिलिंडर. त्याचा व्यास ही नाजूक गोष्ट आहे. कॅलिपरचा पिस्टन मोठा, त्याला तेल जास्त लागतं, म्हणून मोठा सिलिंडर हवा, नाहीतर पेडल फार खाली जातं. पण पाऊण इंचाऐवजी सात अष्टमांश इंची लावला तर तेवढ्याच पायाला दाब २७ टक्क्यांनी कमी मिळतो. तो तोटा बूस्टर भरून काढतो. बूस्टर नसताना मोठा सिलिंडर लावला असता तर आगीतून फुफाट्यात. नव्या सिलिंडरला डिस्कच्या बाजूला दाब धरणारा व्हॉल्व्ह नाही, ड्रमच्या बाजूला आहे. शिवाय तो दोन खणांचा आहे, म्हणजे एक नळी फुटली तरी दुसऱ्या बाजूचे ब्रेक राहतात. माझ्या मते घाटाच्या गाडीत डिस्कपेक्षाही हा बदल मोलाचा आहे.

मग मागच्या नळीत दाब मर्यादित करणारा व्हॉल्व्ह, नॉब फिरवून कमी-जास्त करता येणारा. हा मागच्याच नळीत लावायचा. काही जण 'पुढचा कडक झालाय' म्हणून पुढच्या नळीत लावतात, म्हणजे जी चाकं गाडी थांबवतात त्यांचाच गळा दाबतात. नळीत व्हॉल्व्ह नको असेल तर दुसरा रस्ता असा की मागचा व्हील सिलिंडरच लहान लावायचा. पाऊण इंचाऐवजी पाच अष्टमांश लावला तर मागचा जोर तीस टक्क्यांनी उतरतो, आणि चुकून कुणी फिरवायला नॉबच राहत नाही. मिस्त्री म्हणाले, "नॉबच बरा. मागं हळदीची दोन पोती टाकली की तुमचं गणित बदलणार." सित्रोएनवाल्यांनी १९५५ ला जे सस्पेन्शनला विचारलं, ते मिस्त्री पोत्यांना विचारत होते.

नॉब पूर्ण बंदपासून सुरू केला, म्हणजे मागे कमीत कमी ब्रेक. प्रत्येक फेरीनंतर अर्धा आटा उघडायचा. मागची चाकं जाम होण्याच्या काठावर आली की एक आटा मागे. मग रस्त्यावर पाणी टाकून परत तेच, कारण ओल्यात वजन कमी सरकतं आणि हिशोब वेगळा होतो. अकराव्या फेरीला ०.७ जी, नऊ मीटरमध्ये गाडी उभी, आधी पुढचं डावं चाक किंचित घासलं, मागचं फिरतं. साडेतीन मीटर वाचले. घाटातल्या अरुंद रस्त्यावर साडेतीन मीटर म्हणजे समोरच्या एसटीचा बंपर आणि आपला बंपर यांच्यामधली जागा.

आजच्या गाड्यांत हे सगळं एबीएसच्या जोडीला असलेला प्रोग्रॅम करतो. प्रत्येक चाकाचा वेग बघून मागचा दाब तो क्षणाक्षणाला ठरवतो. आपल्याकडे एप्रिल २०१९ पासून सगळ्या नव्या मोटारींना एबीएस सक्तीचं झालं. त्याच नियमांत स्कूटरींचंही आलं : १२५ सीसीच्या वरच्यांना एबीएस, आणि त्याखालच्यांना जोडब्रेक, म्हणजे मागचा ब्रेक दाबला की पुढचाही आपोआप थोडा लागतो. माझी आवडती गोष्ट आहे ही. पिढ्यान् पिढ्या आपण पुढचा ब्रेक दाबायला घाबरलो, शेवटी सरकारने तो आपल्या नकळत दाबायची सोय केली.

कायद्याचं सांगायलाच हवं, नाहीतर उद्या कुणी हा लेख घेऊन आरटीओत जाईल. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत मूळ रचनेविरुद्ध बदल करायला मनाई करतं, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते ठासून सांगितलंय. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी २०२१ मध्ये व्हिंटेज नोंदणीचे नियम आले, पण तिथे तर गाडी मूळ रूपातच असावी लागते. म्हणजे तुमच्याकडे १९७२ ची फियाट असेल आणि तिला ती खास पाटी हवी असेल, तर डिस्कचा विचार करण्याआधी दहादा विचार करा. आणि कुठलीही गाडी असो, आधी आरटीओत विचारा, उत्तर लेखी घ्या, विमा कंपनीला कळवा. गावातल्या गावात फिरणारी पद्मिनी असेल तर माझं स्पष्ट मत आहे : चांगले गोल केलेले ड्रम, नवे लायनर, दर दोन वर्षांनी नवं ऑइल, बास. डिस्कची गरज नाही.

मिस्त्रींनी कुठेही वेल्डिंग केलेलं नाही, सगळं बोल्टवर आहे. जुने पुढचे ड्रम, शू आणि मास्टर सिलिंडर मामांनी ग्रीस लावून हळदीच्या खोक्यात ठेवलेत, प्रत्येक पिशवीवर चिठ्ठी. आरटीओकडे अर्ज गेलाय. नाही म्हणाले तर एका दिवसात गाडी १९८६ ला परत जाईल. फक्त तो दोन खणांचा सिलिंडर तेवढा ठेवू द्या, असं अर्जात वेगळं लिहिलंय.

तोवर गाडी सांगलीतच आहे आणि बहीण एसटीने येते-जाते. नॉब जिथे ठरला तिथे तिने लाल नेलपॉलिशची रेघ मारलीय, अर्धी नॉबवर, अर्धी नळीवर. रेघ तुटलेली दिसली तर गाडी सुरूच करायची नाही, असं मामांना बजावून ठेवलंय.